ताटात उरलेली भाजी



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे देवगिरीचा किल्ला उभा राहतो, मलिक अंबराची नहर वाहू लागते, फार तर निजामाविरुद्धचा लढा आठवतो. शाळा सातवीत सुटलेल्या आणि तीस वर्षे मजुरी, हजेरी व मागणीपत्रे यांत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाने 'शाळेतले पोर भाजी का खात नाही' हा विषय घेतला, तेव्हा काही मित्रांनी हसून विचारले, यात इतिहास कोठे आला? माझे उत्तर असे की, ज्या गोष्टीवरून घराघरांत रोज दोनदा भांडण होते तिला इतिहास नसणे शक्यच नाही. तो कोणी दरबारी बखरीत लिहून ठेवला नाही, एवढेच.

तक्रार आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पोर आठ-नऊ वर्षांचे. मेथी कडू लागते, दुधी गिळगिळीत लागतो, वांग्याचे बी दातात येते, कारल्याचे तर नावच नको. बटाटा मात्र चालतो. आई म्हणते, हा नव्या काळाचा दोष. आम्ही लहानपणी मुकाट्याने खात होतो. आजी म्हणते, लाड फार झाले. बाप काहीच म्हणत नाही, कारण त्याच्याही ताटाच्या कडेला दोन फोडी सरकवून ठेवलेल्या असतात.

तेव्हा त्या लाडक्या बटाट्यापासूनच सुरुवात करू. बटाटा आपला नाही. तो दक्षिण अमेरिकेतला. १४९२ नंतर युरोपात आणि तेथून जहाजांवर बसून आपल्याकडे आला. नावसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेतले. कोबी हा शब्दही त्यांचाच. फुलकोबीचे बी १८२२ मध्ये कंपनी सरकारच्या सहारनपूरच्या बागेत आले असे शेतकीच्या पुस्तकांत सांगतात. टोमॅटो अमेरिकेतला, आपल्या लोकांनी त्याला 'बेलवांगे' असे घरगुती नाव ठेवून पाहिले. लाल भोपळा तिकडचाच. आणि ज्या मिरचीच्या ठेच्यावाचून मराठवाड्याच्या माणसाला भाकरी घशाखाली उतरत नाही, ती मिरची ज्ञानेश्वरांच्या काळी या देशात नव्हती. अरणच्या सावता माळ्यांनी ज्या मळ्यात विठाई पाहिली, त्या मळ्यात ना बटाटा होता, ना टोमॅटो, ना मिरची.

या परक्या भाज्यांना आपल्या वाडवडिलांनी काही पायघड्या घातल्या नाहीत. अनेक घरांत श्राद्धाच्या पानावर त्यांना कितीतरी वर्षे जागा नव्हती. मोठ्या, शहाण्या, शास्त्र जाणणाऱ्या माणसांनी नाक मुरडले. पुढे हळूहळू ओळख झाली, आणि इतकी झाली की आज उपवासाच्या ताटात बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा हे तिघेही अमेरिकेतले पाहुणे मानाने बसतात. मेथी आणि वांगी मात्र बाहेर उभी! सांगायचा मुद्दा असा की, सबंध समाजाला जी चव लागायला दोन-तीनशे वर्षे गेली, ती आपल्या पोराने एका आठवड्यात लावून घ्यावी अशी आपली अपेक्षा असते, आणि तीही छडी दाखवून.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. वैजापूरच्या दक्षिण अंगाला गोदावरी आहे खरी, पण तालुक्याचा बराचसा भाग अवर्षणाचा. जुन्या काळी भाजीपाला म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी आणि मोटेला बैल त्याचे काम. बाकीच्यांचे जेवण म्हणजे भाकरी. तिच्याबरोबर जे काही असेल त्याला आपण 'तोंडी लावणे' म्हणतो, खेड्यात 'कोरड्यास' म्हणतात. शब्दच पाहा. जेवण भाकरीचे, आणि बाकी सारे ती ओली करण्यापुरते. माणूस 'भाजी खातो' असे आपली बोली म्हणत नाही. ती म्हणते, 'भाकर खाल्ली'. कशाशी खाल्ली, हा नंतरचा प्रश्न.

तरीही त्या गरिबीच्या ताटात पानभाज्यांची गर्दी होती. पाऊस पडला की बांधावर तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी, कुर्डू. पुढे अंबाडी, रब्बीत करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे. हरभऱ्याचा पाला वाळवून मडक्यात भरला की उन्हाळाभर पुरे. शेवग्याचे झाड दारात. यांपैकी बहुतेकांना पैसा लागत नसे. निंदायला गेलेली बाई येताना ओच्यात घेऊन येई. आणि येथेच माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख आहे. पोराने पाथरी खाल्ली नाही तर शेळी खाई. उद्या पुन्हा पाथरीच. परवाही तीच. नकाराची किंमत शून्य होती, म्हणून आईला रागावण्याचे कारण नव्हते, आणि भाजी मात्र पुन्हा पुन्हा पोराच्या डोळ्यांपुढे येत राही. आमच्या आया काही बालमानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. परिस्थितीनेच त्यांच्याकडून ते घडवून घेतले.

सणांनीही हेच काम केले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. वांगी, गाजर, वाल, पावटे, हरभऱ्याचे घाटे, बोरे, तीळकूट अशी सगळी मिसळ, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. श्रावण संपल्यावर ऋषिपंचमीची भाजी. खाली लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात बसून भज्जी. वर्षातून काही दिवस तरी भाजी ही तोंडी लावणे न राहता जेवणाची यजमानीण होई, आणि मूल ती थोरांच्या मांडीला मांडी लावून खाई.

हे सोन्याचे दिवस होते असे मात्र कोणी समजू नये. १९७२ च्या दुष्काळात बांधही करपले. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. माझी आई त्यांतली एक; मी तेव्हा कडेवर. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर ती पिढी तगली. आई सांगे की सुकडी गोड म्हणून पोरे तुटून पडत, आणि पुढे पाऊस होऊन पहिला तांदुळजा आला तेव्हा तीच पोरे तोंड फिरवीत. दोन वर्षांत ओळख पुसली गेली होती. 'आम्ही मुकाट्याने खात होतो' असे म्हणणाऱ्यांना मी हे सांगत असतो. पुष्कळदा आपण मुकाट्याने खात होतो, कारण दुसरे काही नव्हते. भूक ही चांगली गुरू आहे असे पोटभर जेवलेला माणूसच म्हणतो.

भुकेशिवाय दुसरा मार्ग आहे का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला, आणि त्यांची उत्तरे आपल्याला उपयोगी आहेत. कडवटपणाची गोष्ट प्रथम. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी उडाली. शेजारच्याला ती कडूजहर लागली. खुद्द फॉक्सला काहीच चव आली नाही. कडू ओळखण्याची शक्ती माणसामाणसांत जन्मतः वेगळी असते हे त्यातून उघड झाले. तेव्हा एकाच घरातला एक भाऊ कारले मिटक्या मारीत खातो आणि दुसऱ्याला उमासे येतात, यात खोडसाळपणा असेलच असे नाही.

दुसरा प्रयोग क्लारा डेव्हिस या डॉक्टरीणबाईंचा. त्यांनी १९२८ मध्ये आपले पहिले निष्कर्ष छापले. नुकत्याच दूध सुटलेल्या मुलांपुढे त्यांनी भाज्या, फळे, धान्य, मांस, दूध असे साधे पदार्थ ठेवले आणि दायांना सांगितले की, आग्रह करू नका, मुलाने बोट दाखविल्यावरच भरवा. मुलांनी सगळे चाखून पाहिले आणि ती चांगली पोसली. यावरून काही लोक म्हणू लागले की मुलाला काय खावे ते उपजत कळते. बाईंनी स्वतःच खुलासा केला की खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, मिठाई नव्हती. निवड मुलाची, पण यादी मोठ्यांची. आज आपल्या प्रत्येक गल्लीत दुकानाच्या दाराशी, नेमक्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाच रुपयांच्या चटकदार पुड्यांच्या माळा लोंबत असतात. यादी कोणी केली हे यावरून ओळखावे.

तिसरे काम लिआन बर्च या बाईंचे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले की अनोळखी पदार्थ लहान मुलाने आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा चाखला की तो आवडू लागतो. नुसता पाहून नव्हे, जिभेला लागला पाहिजे. बक्षिसाचे आमिष मात्र उलटते. 'भाजी संपव, मग गोड देतो' असे म्हटले की मूल हिशेब करते: ज्याच्यासाठी लाच द्यावी लागते तो माल वाईटच असणार. हा हिशेब गिरणीच्या फाटकावर मी अनेकदा पाहिला आहे, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. बर्चबाईंचा आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. एखादी भाजी नको म्हणणाऱ्या मुलाला त्यांनी ती भाजी आवडीने खाणाऱ्या मुलांच्या टेबलावर काही दिवस बसविले. कोणी काही बोलले नाही. त्या मुलाची आवड पालटली.

आपल्याला याचा पुरावा अमेरिकेतून आणायची गरज नाही. गोदाकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा हरिनाम सप्ताह आपण सर्वांनी पाहिलेला आहे. भाकरी गावोगावच्या चुलींवरून येते, आमटी तेथेच मोठ्या कढयांत शिजते, आणि हजारोंची पंगत जमिनीवर बसते. घरी 'हे नको, ते नको' करणारे पोर तेथे वाढणाऱ्याकडे दुसऱ्यांदा हात पुढे करते. शेजारचा खातो आहे, पलीकडचा खातो आहे. आपण एकट्यानेच तोंड वाकडे करायचे तर कोणासाठी?

पण पंगतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पंगत जसे खायला शिकविते तसे न खायलाही शिकविते. आपल्या देशात कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये हे मुलाला चव कळण्याआधी कळत असे, आणि अजूनही कित्येक घरांत कळते. कारल्याला नको म्हणणारी जीभ निसर्गाने दिलेली असेल. स्वयंपाकिणीच्या जातीला नको म्हणणारी जीभ घरात तयार होते. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात शाळेतल्या स्वयंपाकासाठी दलित, आदिवासी बायकांना प्राधान्य द्या असे म्हटले, त्यामागे हे दुखणे होते.

शाळेचा उल्लेख आलाच. आज आठ-दहा वेळा चाखण्याची ही संधी गरिबाच्या मुलाला कोठे मिळते? घरी मिळणे अवघड झाले आहे. बांधावर तणनाशक फवारले जाते. चिवळ आणि तांदुळजा त्याला तणच. कपाशी, मका, कांदा यांच्या शेतात राबणारी बाई संध्याकाळी भाजी विकत आणते. विकत आणलेली गवार पोराने टाकली म्हणजे रोजगारातले पैसे ताटात पडले. दुसऱ्या दिवशी ती गवार आणीत नाही, बटाटा आणते. ती अडाणी म्हणून नव्हे, हिशेबी म्हणून. कॅटलिन डॅनियल या अमेरिकन संशोधक बाईंनी २०१६ मध्ये बॉस्टनकडच्या गरीब आयांविषयी अगदी हेच लिहिले: वाया जाण्याच्या भीतीने त्या मुलाला आवडते तेच आणतात, आणि म्हणून मुलाची आवड पुढे सरकत नाही. बॉस्टन आणि वैजापूर यांच्यात समुद्र आहेत, पण पगाराच्या शेवटच्या आठवड्यातली आई दोन्हीकडे एकच. दहा वेळा नकार सोसायचा म्हणजे त्याला भांडवल लागते. सुखवस्तू घरात ते असते. मजुराच्या घरात ते कोणी द्यायचे?

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात हाच प्रश्न निघाला. तेथे १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला. १९०७ मध्ये ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात डॉक्टर राल्फ क्राउली यांनी चाळीस गरीब मुलांना काही महिने रोज जेवू घातले आणि आठवड्याला वजने घेतली. वजने चढली, मधल्या सुट्टीत जेवण थांबले तेव्हा उतरली. या शहरातच कामगारांचा स्वतंत्र पक्ष जन्मला होता, हा योगायोग नव्हे. आपल्याकडे मद्रासमध्ये १९२० च्या सुमारास नगरपालिकेने सुरुवात केली, १९५६ मध्ये कामराजांनी ती योजना राज्यभर नेली. सबंध देशासाठी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली. आपल्याकडे तेव्हा शिजविलेले अन्न नव्हते. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो धान्य घरी. पिशवी घेऊन जाणाऱ्या मुलाची पंगत होत नाही. पुढे नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सांगितले की धान्य नको, शिजविलेले ताजे जेवण द्या.

या योजनेच्या कागदांत २००९ पासून एक आकडा आहे, तो पालकांनी पाठ करावा असा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम. पन्नास ग्रॅम म्हणजे मेथीची एक लहानशी मूठ. एवढ्यासाठी आकांडतांडव कशाला, असे कोणी म्हणेल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. ही मुले शाळेत येतात तीच फिकट चेहऱ्याने. त्यांच्या दृष्टीने ती मूठ म्हणजे लहान गोष्ट नाही. नुसत्या पाल्याने रक्त भरून येते असेही मी म्हणणार नाही. डाळ, अंडे, औषध हे सारे हवे. पण पाला हवाच.

ती मूठ पातेल्यात जाते का? आपल्या राज्यात खेड्यातल्या शाळांना तांदूळ सरकारकडून येतो. इंधन आणि भाजीपाला यांसाठी मात्र रक्कम एकाच खात्यावर येते. जाळणे आणि खाणे यांचा संसार एका पैशात मांडला तर काय होणार? गॅस महागला की पातेल्यातून प्रथम जाते ती भाजी. खिचडी पिवळीच्या जागी पांढरी दिसू लागली की समजावे, सिलिंडरचा भाव वाढला.

आणि ती शिजविते कोण? या बायकांना सरकारी कागदात 'स्वयंपाकी-तथा-मदतनीस' म्हणतात. कामगार म्हणत नाहीत, पगारही म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २००९ मध्ये ते महिन्याला १००० रुपये ठरले, तेही वर्षातले दहा महिने. महाराष्ट्रात २०१९ मध्ये १५०० झाले, २०२३ मध्ये २५००. पंचवीस मुलांपर्यंत एक बाई, शंभरपर्यंत दोन. शंभर मुलांची प्रत्येकी पन्नास ग्रॅम भाजी म्हणजे पाच किलो. पाच किलो मेथी निवडून पाहा, म्हणजे 'मानधन' या शब्दातला मान कळेल. माती राहिली तर दातात कचकच होते, आणि एकदा कचकच झाली की त्या शाळेतले पोर वर्षभर मेथीला शिवत नाही. म्हणजे मुलाच्या आवडीनिवडीचा निकाल पुष्कळदा निवडणाऱ्या बाईला वेळ होता की नाही यावर लागतो.

आमच्या बैठकीत या बायका जे सांगतात ते मी कोणत्याही पुस्तकात वाचले नाही. दुधीच्या फोडी मुले वेचून बाहेर काढतात. किसून, लसणाच्या फोडणीत परतून टाकला की तोच दुधी संपतो. वांगे भाजून घातले तर चालते, उकडून नाही. पालक डाळीत घोटला तर पहिलीची मुले खातात, पण पाचवीच्या मुलांना तो दिसलेला आवडतो. लपविले की त्यांना फसविल्यासारखे वाटते. शेवग्याच्या शेंगा जून असल्या तरी चालतात, कारण चोखायला मजा येते. वाढताना पळीभर न वाढता आधी चमचाभर वाढावे, आणि 'संपव' म्हणू नये. 'पुन्हा पाहिजे का?' असे विचारावे. एका बाईने सांगितले, 'साहेब, मी सातवीच्या दोन दांडग्या पोरांना आधी वाढते. ते खाऊ लागले की धाकटी आपोआप खातात.' बर्चबाईंच्या प्रयोगशाळेची हकीकत तिच्या कानावर कधी आलेली नव्हती.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळेत परसबाग करण्याच्या सूचना काढल्या. आपल्याकडे पाण्याची अडचण खरी, पण हात धुण्याचे पाणी एका वाफ्याला पुरते, आणि स्वतः खुडलेली पालकाची जुडी मूल सहसा टाकीत नाही. ज्या शाळांत शिक्षक हौशी आहेत तेथे हे चालले आहे. जेथे नाहीत तेथे फळ्यावर परसबागेचे चित्र आहे.

आमच्या यंदाच्या मागणीपत्रात चार मागण्या आहेत. मानधनाऐवजी किमान वेतन आणि बारा महिन्यांचे पैसे, ही पहिली. इंधन आणि भाजीपाला यांचे खाते वेगळे करा, ही दुसरी. दुष्काळी वर्षी उन्हाळी सुट्टीतही जेवण द्या, असे न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले आहे. ते विनातक्रार अमलात आणा, ही तिसरी. चौथी मागणी मी लिहिलेली नाही. मसुदा वाचून झाल्यावर मागे बसलेल्या बायकांनी ती घालायला लावली: प्रत्येक शाळेला धारेची एक विळी आणि दुधी किसायला मोठ्या भोकांची एक किसणी. पहिल्या तीन मागण्यांवर वरिष्ठांकडे विचारणा करू, असे उत्तर मिळाले आहे. चौथीवर अधिकारी नुसते हसले. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी किसणी बरोबर नेणार आहोत.